आधी चारा, मग मासा



आपले नागपूर म्हणजे झिरो माइलच्या दगडाचे गाव. मुंबईचा समुद्र गाठायचा तर रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर जावे लागते, आणि पूर्वेचा किनाराही काही हाकेच्या अंतरावर नाही. अशा गावात समुद्रातले मासे घरी पाळायचे, एवढेच नव्हे तर त्यांची पिल्लेही वाढवायची, असे कुणी म्हटले तर ऐकणारा त्याच्याकडे जरा संशयानेच पाहील. पण ही गोष्ट शक्य आहे. काही ठरावीक जातींच्या बाबतीत जगभरातले हौशी लोक घरातल्या एखाद्या खोलीत हे काम गेली कित्येक वर्षे करीत आले आहेत. त्यासाठी काय लागते, कुठे अडते आणि का अडते, हे आज पाहू.

शोभेचे मासे पाळण्याची हौस आपल्याला नवी नाही. गप्पी, मोली, गोल्डफिश, एंजल हे मासे अनेक घरांत असतात. गप्पीची पिल्ले तर न मागता होतात. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते, ती लगेच पोहू लागतात आणि बोटाने चुरलेले खाद्यही खातात. गोड्या पाण्यातले बाजारात मिळणारे बहुतेक शोभेचे मासे आज असे तळ्यांत आणि टाक्यांत पैदास केलेलेच असतात.

खाऱ्या पाण्याच्या माशांचे तसे नाही. दुकानात दिसणारे निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे बहुतांशी प्रवाळांच्या बेटांवरून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राने २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात म्हटले होते की, दरवर्षी दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख सागरी मासे शोभेसाठी विकले जातात आणि त्यांत १,४७१ जाती आहेत. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या समुद्रात मासे पकडताना सायनाइड फवारण्याची पद्धत कित्येक वर्षे चालत आली. मासा गुंगतो, हाती लागतो. पण त्या विषाने शेजारचे प्रवाळ मरतात आणि मासाही पुढे फार दिवस काढतोच असे नाही. म्हणून घरात वाढलेले एक पिल्लू म्हणजे समुद्रातून कमी उचललेला एक मासा, हा हिशेब या छंदाच्या मुळाशी आहे.

आता कायद्याचेही सांगून ठेवतो. आपल्या देशात २००१ साली समुद्री घोडे, त्यांच्या कुळातले सगळे मासे आणि कठीण सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. दुकानदार कितीही आग्रह करो, समुद्री घोडा आणि जिवंत प्रवाळ घरी आणायचे नाहीत. सुदैवाने ज्या माशापासून सुरुवात करावी, त्याला यांपैकी कशाचीच गरज नसते.

हा मासा म्हणजे क्लाऊन मासा. नारिंगी अंग आणि त्यावर तीन पांढरे पट्टे. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि हा मासा जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. समुद्रात तो समुद्रफुलाच्या, म्हणजे सी अ‍ॅनिमोनच्या, डंख मारणाऱ्या शुंडांमध्ये राहतो. घरच्या टाकीत मात्र समुद्रफूल नसले तरी तो मजेत राहतो आणि अंडीही घालतो. समुद्रफूल सांभाळणे हे माशाहून कठीण काम आहे, तेव्हा नवख्याने त्या फंदात पडूच नये.

या माशाची कुटुंबव्यवस्था मोठी गमतीची आहे. जन्मतः यांच्यात कुणीच मादी नसते. एका समुद्रफुलात पाच-सहा मासे राहत असतील तर सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर, आणि बाकीचे लहानगे नुसतेच वाट पाहत राहतात. मादी मेली तर नराची मादी होते आणि तिसऱ्या क्रमांकाला नराचे पद मिळते. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली. आपल्या कामाला याचा फायदा असा की, नर-मादी ओळखत बसण्याची गरज नाही. एक थोडे मोठे आणि एक थोडे लहान अशी दोन पिल्ले एकत्र ठेवली की, काही महिन्यांत त्यांचे आपसांत ठरते. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या मात्र कधी एकत्र ठेवू नयेत. त्यांतली एक दुसरीला मारून टाकते.

पिल्लांपासून सुरुवात केली तर पहिली अंडी मिळायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. हा काळ वाया जातो असे समजू नका. पाणी सांभाळायचे शिक्षण याच काळात होते.

तर आधी पाण्याविषयी बोलू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलोच्या आसपास मीठ लागले. मग स्वयंपाकघरातले मीठ का चालत नाही? कारण ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असते. बरे, मिठागरातले खडेमीठ आणले तर? तेही चालत नाही. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा जिप्समच्या रूपाने बराचसा कॅल्शियम आधीच खाली बसतो, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. हाती येते ते मीठ, समुद्र नव्हे. म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठी तयार केलेले सागरी मीठच घ्यावे लागते. ते मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर हवा. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या जवळ असले म्हणजे ठीक.

मीठ कालवायला पाणी कोणते घ्यावे? नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, बोअरवेलचे पाणी जड असते. घरात आरओ असेल तर त्याचे पाणी सर्वांत बरे. टाकी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषेच आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जिवाणूंची वस्ती टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरावा लागतो.

आता खास आपल्या नागपूरची अडचण. क्लाऊन माशाला सव्वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस पाणी मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली उतरतो. थंडीचा इलाज सोपा आहे: शंभर वॅटचा एक हीटर. उन्हाळ्याचे काय? पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते.

इथे आपला माठ आणि डेझर्ट कूलर आठवा. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितका हा परिणाम मोठा. टाकीचे झाकण काढून त्यावर बारीक जाळी ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी काही अंशांनी नक्की उतरते. टाकी कूलरच्या खोलीत असली तर बहुतेक दिवस निभतात. हाच पंखा जुलैच्या दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही, पण तोवर उन्हाळा सरलेला असतो.

मात्र एक गोष्ट विसरू नये. उडते ते पाणी, मीठ टाकीतच राहते. उन्हाळ्यात शंभर लिटरच्या टाकीतून रोज लिटरभर पाणी सहज कमी होते. ती भर नेहमी गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. नाहीतर आठवडाभरात समुद्र अधिकच खारट झालेला असतो. यासाठी काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पातळीची खूण करून ठेवावी आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरावे. शिवाय वीज गेली तर हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असलाच पाहिजे. उन्हाळी दुपारी दोन तास वीज जाणे माणसाला त्रासदायक वाटते, माशाच्या ते जिवावर बेतते.

एवढे जमले आणि जोडी रुळली की, एके दिवशी दोघेही एखादी जागा तोंडाने घासून साफ करताना दिसतात. ही अंडी घालण्याची तयारी. त्यांच्या सोयीसाठी टाकीत मातीच्या कोऱ्या कुंडीचा तुकडा किंवा एखादे स्वच्छ कवेलू आधीच ठेवून द्यावे. मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर मागून त्यांचे फलन करतो. पहिल्या खेपेला शंभरेक अंडी, पुढे जोडी सरावली की कित्येक शेकडा. त्यानंतर नर जागचा हलत नाही. पंखाने अंड्यांना वारा घालतो आणि खराब झालेली अंडी वेचून काढतो. सुरुवातीला नारिंगी असलेली अंडी हळूहळू काळपट होतात, आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागतात. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असेल तर सातव्या-आठव्या रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत, पिल्ले बाहेर पडतात.

पाहणाऱ्याला वाटते, झाले, जिंकलो. खरे म्हणजे परीक्षा इथून सुरू होते.

बाहेर आलेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे असते. काचेसारखे पारदर्शक, त्यात दोन डोळे तेवढे दिसतात. पोटाशी शिदोरी म्हणून थोडा बलक असतो, तो एखाद्या दिवसात संपतो. मग त्याला खायला हवे. काय द्यायचे? चुरलेले खाद्य ते ओळखतच नाही. त्याला समोर हलणारी, जिवंत आणि तोंडात मावणारी वस्तू लागते. तोंड तर सुईच्या अग्राएवढे. समुद्रात अशा वस्तूंची वाण नाही. तिथल्या पाण्यात सूक्ष्म जीव खच्चून भरलेले असतात. आपल्या टाकीत मात्र स्वच्छ, गाळलेले, रिकामे पाणी असते. पिल्ले त्या स्वच्छ पाण्यात उपाशी मरतात.

समुद्र दूर आहे म्हणून नागपुरात पिल्ले जगत नाहीत, हा समज म्हणूनच खरा नाही. मुंबईत अगदी वरळीच्या समुद्रासमोर टाकी ठेवली तरी ती तशीच मरतील. प्रश्न पहिल्या दहा दिवसांच्या भाकरीचा आहे. गोठ्यात गाय आणायची तर शेतकरी आधी कडब्याची सोय पाहतो, तशी इथे चाऱ्याची सोय आधी करायची. हा चारा बाजारात तयार मिळत नाही, तो घरीच पिकवावा लागतो. सागरी माशांची पैदास हे खरे पाहता शेतीचेच काम आहे.

या शेतीत दोन पिके आहेत. पहिले पीक म्हणजे हिरवे पाणी. नॅनोक्लोरॉप्सिस नावाचे एक सूक्ष्म शेवाळ असते. खाऱ्या पाण्याच्या बाटलीत त्याचे विरजण घालायचे, थोडे द्रवखत द्यायचे, ट्यूबलाइटचा उजेड आणि एअर पंपाची बारीक हवा सोडायची. आठ-दहा दिवसांत पाणी गर्द हिरवे होते. त्यातले थोडे काढून नव्या बाटलीत विरजण म्हणून घालायचे. दह्याचाच प्रकार आहे हा. बाटल्या खिडकीतल्या उन्हात ठेवू नयेत. आपल्याकडचे ऊन त्या शिजवून काढते. घरातली सर्वांत गार खोली त्यांच्यासाठी निवडावी.

दुसरे पीक रोटिफरचे. हा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा जीव. डोक्याशी केसांचे चक्र असते, ते फिरवत तो शेवाळ गाळून खातो. भिंगातून पाहिले तर पांढरे ठिपके लुटुलुटु फिरताना दिसतात. पोटभर शेवाळ मिळाले तर त्यांची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होते. पिल्लांचे पहिले अन्न हेच.

थोडा हिशेब करू, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटर पाण्यात पाच ते दहा रोटिफर सतत असावे लागतात. पिल्लू शिकार शोधत लांब जाऊ शकत नाही. अन्न त्याच्या तोंडासमोरच हवे. टाकी वीस लिटरची धरली तर एका वेळी एक ते दोन लाख रोटिफर झाले. ते खाल्ले जातात तशी पुन्हा भर घालायची. दुसऱ्या बाजूला वीस लिटरच्या बादलीत दर मिलिलिटरला शंभर रोटिफर असले तर एकूण वीस लाख होतात. त्यातला पाव हिस्सा रोज काढला तर पाच लाख मिळतात आणि बादली दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून येते. म्हणजे एक नीट सांभाळलेली बादली एका वेताला पुरते. पण ती बादली अंडी फुटण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू झालेली हवी. अंडी दिसल्यावर रोटिफर शोधायला निघालेला माणूस वेळेवर पोहोचत नाही.

या बादल्या नेहमी दोन ठेवाव्यात, आणि त्याही वेगळ्या जागी. रोटिफरची वसाहत एका रात्रीत कोसळते. काल दाट होती, आज पाणी गढूळ आणि वास मारणारे. दुसरी बादली असेल तर वेत वाचते. दोन्ही बादल्यांना एकच चमचा किंवा एकच गाळणी वापरू नये, म्हणजे एकीचा रोग दुसरीला लागणार नाही.

कुणी म्हणेल, रोटिफर यीस्टवरही वाढतात, मग शेवाळाचा खटाटोप कशाला? वाढतात हे खरे. पण यीस्ट खाऊन वाढलेला रोटिफर म्हणजे नुसते टरफल. सागरी पिल्लांना काही विशिष्ट स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात. शरीरात ती पुरेशी बनत नाहीत. मेंदू आणि डोळ्यांची घडण त्यांवर अवलंबून असते. नॅनोक्लोरॉप्सिसमधून यातला काही भाग मिळतो, उरलेल्यासाठी पिल्लांना देण्यापूर्वी काही तास रोटिफरना स्निग्धाम्लयुक्त खुराक चारतात. पोट भरलेली पिल्लेही चौथ्या-पाचव्या दिवशी पटापट मरू लागली, तर पहिला संशय या कमतरतेचाच घ्यावा.

आता पिल्लांच्या टाकीविषयी. ती वेगळी, वीस ते चाळीस लिटरची असावी. पाणी नवे कालवलेले नको, आईबापांच्या टाकीतलेच घ्यावे. तीन बाजूंना काळा कागद लावावा, उजेड मंद ठेवावा आणि पाण्यात हिरवे शेवाळ इतके घालावे की तळ अंधुक दिसेल. हिरव्या पाण्याचे दोन फायदे. त्यातले रोटिफर उपाशी राहत नाहीत, आणि पिल्लांना भक्ष्य ठळक दिसते. हवा अगदी हळू, एकेक बुडबुडा सुटेल एवढीच. अंडी फुटण्याच्या संध्याकाळी ते कवेलू उचलून या टाकीत ठेवावे आणि शेजारी एअर स्टोन लावावा. नराच्या पंखांचे काम तो करतो. रोज सकाळी बारीक नळीने तळाचा गाळ आणि मेलेली पिल्ले काढायची आणि तेवढेच पाणी मोठ्या टाकीतून थेंबाथेंबाने सोडायचे.

सातव्या-आठव्या दिवशी पुढचा घास सुरू होतो, तो आर्टेमियाचा. आर्टेमिया म्हणजे अतिखाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची सुप्त अंडी डब्यात भरून जगभर जातात. ती वर्षानुवर्षे कोरडी टिकतात आणि खाऱ्या पाण्यात हवेवर ठेवली की, चोवीस तासांत फुटतात. त्यांची कवचे मात्र पिल्लांच्या पोटात गेली तर आतडे तुंबते. म्हणून हवा बंद करून भांड्याच्या एका बाजूला तळाशी दिवा धरावा. आर्टेमिया उजेडाकडे येतात आणि कवचे वर तरंगतात. नळीने तेवढे आर्टेमिया काढून घ्यावेत, गोड्या पाण्याने धुवावेत आणि लगेच खायला द्यावेत. उशीर झाला तर ते स्वतःचीच शिदोरी संपवतात आणि त्यांच्यातला कस जातो. एका घासावरून दुसऱ्यावर जाताना तीन-चार दिवस दोन्ही सोबत द्यायचे.

याच सुमारास, आठव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, पिल्लाचे रूप पालटते. पारदर्शक अंगावर नारिंगी रंग चढतो, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पाण्यात कुठेही भरकटणारे पिल्लू तळाशी, काचेशी जागा धरू लागते. हे स्थित्यंतर अवघड असते, त्यातही काही पिल्ले जातात. पण ते पार पडले की चिंता बरीच कमी होते. दोन-अडीच महिन्यांत ती चुरलेले खाद्य खाणारी, बोटाच्या पेराएवढी माशांची पोरे होतात.

पहिल्या वेताची सगळी पिल्ले जाणे हे नवख्या घरात नेहमीचे आहे. जोडी मात्र दर दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. तेव्हा वही ठेवावी: तारीख, तापमान, रोटिफर किती, मेलेली पिल्ले किती. पुढच्या वेताला तीच वही गुरू होते.

हे ज्ञान काही एका दिवसात आलेले नाही. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाऊन माशांची पिल्ले विक्रीच्या प्रमाणावर वाढवून दाखवली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम इथे, तर अण्णामलै विद्यापीठाने परंगीपेट्टईच्या सागरी केंद्रात क्लाऊनच्या अनेक जातींची पैदास केली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य अनुवंश संसाधन संस्थेने स्थानिक स्त्रियांना शोभेच्या सागरी जीवांचे संगोपन शिकवले. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोलीला, कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात, त्याच संस्थेच्या सहकार्याने अशा माशांचे प्रजनन सुरू झाले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाला जागा दिली गेली. आणि नागपुरात तर महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयच आहे. शेवाळ आणि रोटिफर सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला शिकायचे असेल तर अशा ठिकाणी जाऊन विचारायला संकोचू नये.

क्लाऊन जमला म्हणजे सगळे मासे जमले, असेही नाही. क्लाऊनची अंडी चिकटून राहतात आणि पिल्लू त्यातल्या त्यात मोठे निघते. बांगाई कार्डिनल नावाचा मासा त्याहून सोपा. त्याचा नर अंडी आणि पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळतो, आणि बाहेर पडलेली पिल्ले सरळ आर्टेमिया खातात. इंडोनेशियातल्या काही मोजक्या बेटांपुरता हा मासा पकडून पकडून इतका घटला की, २००७ साली तो संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. म्हणून त्याची घरची पैदास विशेष मोलाची. याउलट अंडी पाण्यावर मोकळी सोडणाऱ्या माशांची पिल्ले इतकी बारीक असतात की, त्यांना रोटिफरही मोठा पडतो. त्याच चित्रपटातल्या डोरीची जात, ब्लू टँग, पहिल्यांदा घडवायला फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साल उजाडावे लागले. तिथेही कुलूप उघडले ते योग्य चाऱ्यानेच, कोपेपॉड नावाच्या आणखी बारीक जीवांनी.

शेवटी एक जबाबदारीची गोष्ट. शंभर पिल्ले जगली तर ठेवणार कुठे? क्लाऊन मासे मोठे होताना भांडतात, त्यांना जागा लागते. काही पिल्लांचे पट्टे अर्धवट असतात, काहींचे कल्ले नीट झाकलेले नसतात. कोण घेणार आहे, किती घेणार आहे, हे दुकानदाराशी आणि इतर पाळणाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. नको झालेले मासे फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडणे म्हणजे त्यांना मारणेच. गोड्या पाण्यात ते काही तासही काढत नाहीत. कोकणच्या सहलीत समुद्रात सोडून देणे हेही पुण्याचे काम नव्हे. टाकीतले रोग त्यांच्याबरोबर तिथे जातात. सगळ्यांची सोय नसेल तर अंडी जोडीच्या टाकीतच राहू द्यावीत. प्रत्येक वेत वाढवलेच पाहिजे असे नाही.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी मासा विकत घेण्याची घाई करू नये. ऑक्टोबरमध्ये, ऊन उतरल्यावर, एक बाटली हिरवे पाणी आणि एक बादली रोटिफर घरी आणावेत. दिवाळी, पाहुणे, मुलांच्या परीक्षा, गावाला जाणे या सगळ्यांत ते दोन महिने जिवंत राहिले, तर समजावे की या घरात पिल्लेही जगतील. नाही राहिले, तर खर्च शंभर-दोनशे रुपयांचा झाला आणि जीव मात्र एकाही माशाचा गेला नाही.